‘माल पोचला नाही’ : टपालाने होणाऱ्या विक्रीतील एका जुन्या वादाचा इतिहास

दोन माणसे समोरासमोर उभी राहून सौदा करतात तेव्हा मालाची पोच हा प्रश्नच उद्भवत नाही. एका हाताने पैसे दिले, दुसऱ्या हाताने वस्तू घेतली, व्यवहार संपला. त्या दोघांमध्ये पन्नास कोसांचे अंतर पडले की मात्र एक तिसरा मनुष्य मध्ये येतो. तो कधी जासूद असतो, कधी अंगडिया, कधी टपालवाला, आणि अलीकडे पाठीवर भली मोठी पिशवी टाकून मोटारसायकलीवरून फिरणारा तरुण. वस्तू विकणाऱ्याच्या हातून सुटलेली आहे आणि घेणाऱ्याच्या हाती अजून पडलेली नाही, असा एक मधला काळ त्यातून निर्माण होतो. ह्या मधल्या काळात वस्तू कोणाची? ती हरवली तर कोणाची हरवली? आणि घेणारा म्हणाला की मला काहीच मिळाले नाही, तर विकणाऱ्याने काय दाखवावे? ह्या प्रश्नांचा इतिहास आज आम्ही श्रोत्यांपुढे मांडणार आहो.

विषय रुक्ष आहे असे काहींना वाटेल. वसंतातल्या संध्याकाळी लोकांनी शिवकाल किंवा संतवाङ्मय ऐकण्याच्या अपेक्षेने यावे आणि वक्त्याने खिशातून रजिस्टराची पावती काढावी, हे थोडे विचित्र खरेच. परंतु आज घरी बसून मसाले, साड्या, जुनी पुस्तके, हातांनी केलेले दागिने मोबाइलवरून विकणारी माणसे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांची रात्रीची झोप ‘पार्सल मिळाले नाही, पैसे परत करा’ ह्या एका ओळीने उडते. मोठ्या कंपनीचे एक पार्सल बुडाले तर ते तिच्या हिशेबात दिसतसुद्धा नाही. पाच साड्या विकणाऱ्या बाईची एक साडी बुडाली तर उरलेल्या चारांचा नफा तिच्यामागोमाग जातो. तेव्हा ज्याला आपण पोचपावती म्हणतो तो कागदाचा कपटा लहान माणसाची ढाल आहे. ही ढाल कशी घडली आणि ती कुठे भोकाची आहे, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे पोच देण्याची रीत टपालखात्याहून पुष्कळ जुनी. मराठेशाहीतील पत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना ठाऊक आहे की पत्राचा पहिला मजकूर बहुधा मागील पत्राच्या पोचेचा असतो. आपण पत्र पाठविले ते पावले, मजकूर कळला, असे लिहिल्यावाचून लेखक पुढे सरकत नाही. आलेल्या पत्राच्या पाठीवर ते कोणत्या तारखेस पावले हे टिपून ठेवण्याचीही पद्धत होती. हा नुसता शिष्टाचार नव्हे. जासूद वाटेत मारला गेला, नदीला पूर आला, पत्र शत्रूच्या हाती लागले, असे सारे संभवत असताना पोच हीच पाठवणाऱ्याची खात्री होती. पण लक्षात घ्या, ही पोच घेणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती. त्याने ती दिलीच नाही तर पाठवणाऱ्याच्या हाती काही उरत नसे. घेणाऱ्याने तोंड उघडले नाही तरी पोच सिद्ध व्हावी, ही कल्पना अजून जन्माला यावयाची होती.

व्यापाऱ्यांनी दुसरा मार्ग काढला होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार चालत असे. साधी हुंडी मुदत भरली की वटवावीच लागते. जोखमी हुंडीची गोम अशी की, ज्या मालावर ती काढली तो माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे मिळावयाचे. माल समुद्रात बुडाला तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसेही बुडाले. म्हणजे मधल्या काळाची जोखीम विकणारा आणि घेणारा ह्या दोघांच्याही डोक्यावरून काढून, ती वाहण्याचा मोबदला घेणाऱ्या तिसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेली. व्यवस्था मोठी शहाणपणाची होती. पण ती गलबतभर मालासाठी होती. पाच रुपयांच्या पुस्तकावर कोण हुंडी काढणार?

पाच रुपयांच्या पुस्तकाची सोय टपालाने केली. १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर झाला. त्याआधी जितके कोस तितके दाम असा प्रकार होता. इंग्लंडात हीच सुधारणा १८४० साली एका पेनीच्या दराने झाली होती, आणि तिच्या पाठोपाठ जानेवारी १८४१ मध्ये तिथे पत्र नोंदवून पाठवण्याची, म्हणजे आपण ज्याला रजिस्टर म्हणतो ती, सोय निघाली. तिची फी एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी होती. पत्र नेण्याला एक पेनी आणि ते नेल्याचा पुरावा ठेवण्याला बारा पेनी! पुरावा ही वस्तू वाहतुकीपेक्षा महाग असते हे त्या दराने पहिल्याच दिवशी सांगून टाकले. कारण उघड आहे. साधे पत्र पोत्यात पडते आणि पोत्याबरोबर जाते. नोंदलेल्या पत्राची मात्र प्रत्येक टप्प्यावर वहीत नोंद होते, ते एका माणसाच्या सहीने दुसऱ्याच्या ताब्यात जाते, आणि शेवटी घेणाऱ्याची सही घेऊनच सुटते. आजचे ‘ट्रॅकिंग’ म्हणजे हीच वही. ती खात्याच्या कपाटात बंद होती, आता ती विक्रेत्याच्या खिशात उघडते, एवढाच मुख्य फरक.

रजिस्टराला जोडून पोचपावतीचे कार्ड आले. ह्या कार्डाने एक मोठी गोष्ट केली. घेणाऱ्याची सही पोस्टमनने घ्यावयाची आणि ती पाठवणाऱ्याकडे परत यावयाची. घेणाऱ्याला पोच देण्याची इच्छा असो वा नसो, पोच मिळाल्याशिवाय वस्तू मिळत नाही. मराठेशाहीतल्या पत्रलेखकाला जे साधले नव्हते ते ह्या लहानशा कार्डाने साधले. सही करता न येणाऱ्याचा अंगठा घेत, आणि तो त्याचाच असल्याबद्दल साक्षीदाराची सही घेत.

इथवर सारे ठीक. पण रजिस्टराने माल पोचल्याचे सिद्ध झाले तरी पैसे येण्याचे काय? गिऱ्हाईक म्हणे, आधी माल पाठवा. दुकानदार म्हणे, आधी पैसे पाठवा. हा पेच हिंदुस्थानच्या टपालखात्याने १८७७ साली ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धत काढून सोडवला. तिलाच आपले लोक व्ही.पी. म्हणू लागले. दुकानदाराने पुडके टपालात द्यावे, त्यावर वसुलीची रक्कम लिहावी. पोस्टमनने ती रक्कम घेऊनच पुडके गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे. आणि खात्याने ते पैसे दुकानदाराकडे पाठवावे. १८८० साली मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आले आणि हे पैसे परत धाडणेही सुलभ झाले. अमेरिकेसारख्या व्यापारी देशात पार्सल टपालच मुळी १९१३ साली सुरू झाले, आणि वसुली करून माल देण्याची सोयही त्याच वर्षीची. आमच्याकडची व्यवस्था तिच्या तीन तपे आधीची आहे, हे अभिमानाने सांगण्यास हरकत नाही. मात्र ती काढणारे सरकार आमचे नव्हते, हेही सोबत आठवावे.

व्ही.पी.ने मराठी वाचकाचे केवढे कल्याण केले ह्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पुण्यामुंबईचा प्रकाशक वर्तमानपत्रात जाहिरात देई, ‘व्ही.पी.ने मागवा, टपालखर्च निराळा’, आणि खानदेशातल्या किंवा कारवारकडच्या एखाद्या गावचा मास्तर कार्ड टाकून पुस्तक मागवी. पुस्तकांबरोबर केशतेले, घड्याळे, शक्तिवर्धक औषधे आणि नशीब उघडणाऱ्या अंगठ्याही त्याच वाटेने गेल्या. ‘व्ही.पी. सोडवणे’ असा एक शब्दप्रयोगच भाषेत रूढ झाला. गहाण टाकलेला दागिना सोडवावा तशी लोक व्ही.पी. सोडवीत, आणि घरात पैसे नसले तर ती परत जाई.

ह्या परत जाण्यातच व्यवस्थेचे मर्म आणि दुखणे दोन्ही आहेत. माल पोचला नाही अशी तक्रार व्ही.पी.त करताच येत नाही, कारण पैसे दिल्याशिवाय माल मिळत नाही. विक्रेत्याची ती भीती कायमची गेली. तिच्या जागी दुसरी आली. गिऱ्हाइकाने नुसती मान हलवली की पुडके परत, आणि जाण्यायेण्याचा खर्च विक्रेत्याच्या अंगावर. मासिकांच्या संपादकांची ह्यावरची तळमळ जुन्या अंकांतून वाचावयास मिळते. वर्गणी संपली की अंक व्ही.पी.ने जाई, वाचक ती परत करी, आणि संपादक पुढल्या अंकात हात जोडून लिहीत की व्ही.पी. परत करून मासिकाचे नुकसान करू नये, वर्गणीदार राहावयाचे नसल्यास आधी एक कार्ड टाकावे. ते कार्ड क्वचितच कोणी टाकी.

लबाडी एकाच बाजूला नव्हती. काही व्यापाऱ्यांनी मागणी नसतानाच पुडकी धाडण्याचा धंदा आरंभला. घरधनी बाहेरगावी, घरात पुडके आले, त्याने मागवले असेल असे समजून बायकोने पैसे दिले. उघडून पाहावे तो आत चिंध्या. म्हणून १८९८ च्या टपाल कायद्यात, खरोखरीची मागणी आल्यावरूनच ही वस्तू पाठवीत आहे असे पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची, आणि फसवणूक झाल्यास वसूल केलेली रक्कम रोखून घेणाऱ्यास परत करण्याची तरतूद ठेवावी लागली. २०१० च्या सुमारास ऑनलाइन दुकानांनी ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची सोय काढली तेव्हा ती एक नवी युक्ती म्हणून वाखाणली गेली. तिच्यात व्ही.पी.चे गुण आले आणि अवगुणही आले; परत येणाऱ्या मालाचा खर्च हा आजच्या विक्रेत्याचाही पहिला शत्रू आहे.

आता कायद्याकडे वळू. माल टपालात टाकल्यावर तो कोणाचा? ह्या प्रश्नावरील एक महत्त्वाचा निवाडा आपल्या कऱ्हाडशेजारच्या ओगलेवाडीच्या निमित्ताने झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ओगले काच कारखान्याचे ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर होते. हा कारखाना औंध संस्थानच्या हद्दीत, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेर होता. कारखान्याने हिंदुस्थान सरकारला कंदील पुरवले आणि बिलावर लिहिले की रक्कम मुंबईच्या बँकेवरील चेकने पाठवावी. सरकारने दिल्लीहून चेक टपालाने ओगलेवाडीस धाडले. प्राप्तिकर खाते म्हणाले, तुम्हांला पैसे ब्रिटिश हिंदुस्थानात मिळाले, तेव्हा कर द्या. कारखाना म्हणाला, चेक आमच्या हाती ओगलेवाडीस, म्हणजे संस्थानात पडले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला तो असा : घेणाऱ्याने स्वतः टपालाने पाठवा असे स्पष्टपणे किंवा सूचित रीतीने सांगितले असेल, तर टपालखाते हे घेणाऱ्याचा प्रतिनिधी ठरते, तसे सांगितले नसेल तर ते पाठवणाऱ्याचा प्रतिनिधी. ओगल्यांनी मागणी केली होती, म्हणून चेक दिल्लीच्या टपालपेटीत पडला त्याच क्षणी तो त्यांच्या हाती पडला असे मानले गेले.

खटला कराचा होता, पण तत्त्व आमच्या विषयाच्या गाभ्याचे आहे. मधला मनुष्य कोणाचा, हे त्याला कोणी बोलावले ह्यावरून ठरते. १९३० च्या मालविक्री कायद्याचे ३९ वे कलमही ह्याच वळणाचे आहे. करारानुसार माल घेणाऱ्याकडे पोचवण्यासाठी वाहतूकदाराच्या हवाली केला की सकृद्दर्शनी तो घेणाऱ्यालाच दिला असे धरावयाचे. ही कल्पना इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यातून आली. तिच्यामागे जो व्यापारी उभा आहे तो गाठोडी आगगाडीने मागवणारा व्यापारी आहे. त्याला वाहतूक कळते, विमा कळतो, आणि रेल्वेशी भांडण्याची ताकद त्याच्यात आहे.

बिचारे टपालखाते मात्र कोणाचाही प्रतिनिधी असो, हरवलेल्या वस्तूची जबाबदारी घेत नव्हते. १८९८ च्या कायद्याच्या सहाव्या कलमाने वस्तू हरवणे, भलत्याला दिली जाणे, उशीर होणे, मोडणे ह्या साऱ्यांतून सरकारला मोकळे केले होते. अपवाद होता तो सरकारने स्वतःहून पत्करलेल्या जबाबदारीचा, उदाहरणार्थ विमा उतरवलेल्या वस्तूंचा. कर्मचाऱ्यावरही तेव्हाच ठपका येई, जेव्हा त्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून तसे केले असेल. तो कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा कायदा आला, जून २०२४ पासून तो लागू झाला. पण खात्याला अशी मोकळीक देण्याचे तत्त्व टिकून आहे. मग ज्याच्या हातून वस्तू हरवते त्यानेच हात वर केले, तर भांडण उरते ते विकणारा आणि घेणारा ह्यांच्यातच. म्हणून त्या दोघांना कागद हवा.

कागदाला वजन आले ते पुराव्याच्या कायद्याने. १८७२ च्या कायद्यात न्यायालयाला एक मुभा होती : रोजच्या कारभाराचा जो नेहमीचा क्रम तोच ह्या विशिष्ट प्रसंगीही पाळला गेला असे गृहीत धरता येईल. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ती आहे. पत्र नीट पत्ता लिहून, पुरते तिकीट लावून टपालात पडले, तर ते पोचले असणार. १८९७ च्या ‘जनरल क्लॉजेस’ कायद्याच्या २७ व्या कलमाने रजिस्टराच्या बाबतीत हे अधिक पक्के केले : कायद्याने टपालाने बजावण्यास सांगितलेला कागद बरोबर पत्त्यावर रजिस्टराने धाडला की, उलट सिद्ध होईपर्यंत, तो नेहमीच्या वेळेत बजावला गेला असे मानावयाचे. वकिलाच्या नोटिशीवर पोस्टमन ‘घेण्यास नाकारले’ असा शेरा मारून आणतो, तो शेराही पुष्कळदा पुरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालात, घेणाऱ्याने शपथेवर सांगितले की पोस्टमन माझ्याकडे आलाच नाही, तर ते गृहीत ढळू शकते असे मानले गेले होते. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रत्येक प्रकरणी पोस्टमनला साक्षीला आणलेच पाहिजे असे नाही. हे योग्यच झाले असे आम्हांला वाटते. नाहीतर देशातल्या पोस्टमनांनी पत्रे वाटावयाची केव्हा?

मात्र प्रत्येक शिक्क्याला हा मान मिळाला नाही. ‘अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’ म्हणून एक स्वस्त प्रमाणपत्र मिळे. त्यावर टपालकचेरीचा शिक्का असे, पण त्याची नोंद खात्याच्या कोणत्याही वहीत नसे. हे पत्र आमच्याकडे दिले, एवढेच ते सांगे. मागली तारीख घातलेला शिक्का मिळवणे फारसे कठीण नाही असे न्यायालयांनीच बोलून दाखवले, आणि २०११ च्या आरंभी खात्याने ते प्रमाणपत्र बंद केले. ज्या शिक्क्याच्या मागे वही नाही तो शिक्का किती दिवस टिकणार?

आता त्या वहीचे रूप कसे बदलले ते पाहू. अमेरिकेत मेम्फिस येथून १९७३ साली कामास लागलेल्या फेडरल एक्स्प्रेस कंपनीने १९७९ साली पार्सलांचा माग ठेवणारी संगणकव्यवस्था उभारली, १९८६ साली तिच्या माणसांच्या हाती पट्ट्या वाचणारे यंत्र दिले, आणि १९९४ साली ती वही गिऱ्हाइकापुढे इंटरनेटवर उघडून ठेवली. आपल्याकडे स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. माग घेण्याची आजची सोय त्याला टप्प्याटप्प्याने जोडली गेली.

स्पीड पोस्टाच्या पावतीवर तेरा अक्षरांचा एक क्रमांक असतो : आरंभी दोन रोमन अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरे. ही रचना जागतिक टपाल संघाने ठरवलेली आहे. १८७४ साली बर्न येथे स्थापन झालेल्या ह्या संघात हिंदुस्थान १८७६ साली सामील झाला. नऊ आकड्यांपैकी पहिले आठ हा वस्तूचा क्रमांक, आणि नववा आकडा हा त्या आठांवरचा पहारेकरी. त्याची युक्ती मोठी गमतीची आहे. आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ह्यांनी गुणावयाचे आणि बेरीज करावयाची. समजा क्रमांक १२३४५६७८ आहे. गुणाकार आले ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३ आणि ५६, बेरीज २०४. तिला अकरांनी भागले तर बाकी ६ उरते. अकरांतून सहा गेले, राहिले ५. म्हणून नववा आकडा ५. बाकी शून्य किंवा एक उरली तर एका आकड्याचे उत्तर येत नाही. त्यासाठी अनुक्रमे ५ आणि ० हे आकडे ठरवून दिले आहेत. कारकुनाने किंवा गिऱ्हाइकाने एखादा आकडा चुकून दुसराच लिहिला तर बहुधा हिशेब जुळत नाही आणि यंत्र क्रमांक नाकारते. आमच्या लहानपणीच्या शाळेत गुणाकाराचा ताळा पाहत, त्यातलाच हा प्रकार.

पावतीवरचा दुसरा आकडा पिनकोडाचा. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो योजणारे टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार होते. एकाच नावाची गावे ह्या देशात किती आहेत हे ज्याने वडगाव आणि पिंपळगाव ह्यांची पत्रे वाटली त्यालाच ठाऊक. भलत्या वडगावास गेलेले पुडके विक्रेत्याच्या लेखी ‘पाठवले’ असते आणि गिऱ्हाइकाच्या लेखी ‘मिळाले नाही’ असते. दोघेही खरे बोलत असतात. लबाडीच्या चर्चेत ही प्रामाणिक तक्रारींची बाजू नेहमी मागे पडते, म्हणून येथे मुद्दाम सांगितली.

ह्याच काळात कायद्याचे पारडे हळूहळू फिरत होते. अमेरिकेच्या १९७४ च्या एका कायद्याने कार्डावर खरेदी करणाऱ्याला हक्क दिला की, न मिळालेल्या मालाची रक्कम बिलात आली तर त्याने हरकत घ्यावी. त्या कायद्यात बँकेने काय तपासावे तर माल ‘दिला गेला, टपालात टाकला गेला किंवा अन्य रीतीने पाठवला गेला’ की नाही. म्हणजे टपालात टाकल्याचा पुरावाही तिथे चालण्यासारखा होता. कार्डकंपन्या आणि इंटरनेटवर पैसे पोचवणाऱ्या पेढ्या ह्यांनी पुढे आपले नियम केले ते ह्याहून कडक. नुसते धाडल्याचे चालत नाही. माल व्यवहारात दिलेल्या पत्त्यावर पोचल्याचे माग घेता येणाऱ्या क्रमांकाने दाखवा, आणि रक्कम मोठी असेल तर सहीसुद्धा दाखवा. हे नाही दाखवले तर पैसे विक्रेत्याच्या खात्यातून परस्पर परत घेतले जातात. ह्यालाच चार्जबॅक म्हणतात. न्यायालय नाही, वकील नाही, साक्ष नाही. एक क्रमांक आहे किंवा नाही, एवढ्यावर निकाल.

इंग्लंडने तर १८९३ ची कल्पनाच उलटी केली. तिथल्या २०१५ च्या ग्राहकहक्क कायद्याने माल ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जोखीम विक्रेत्याची असे ठरवले. अपवाद एक : वाहतूकदार ग्राहकानेच नेमला असेल, आणि विक्रेत्याने सुचवलेल्यांपैकी तो नसेल, तर माल त्याच्या हवाली करताच जोखीम ग्राहकाची. मधल्या माणसाला कोणी बोलावले, हाच ओगलेवाडीचा प्रश्न इथेही उभा आहे! आमच्या मते हा बदल न्यायाचा आहे. घरबसल्या एक वस्तू मागवणारी बाई वाहतूकदार निवडत नाही, त्याचा विमा उतरवत नाही. परंतु हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विक्रेता म्हणजे मोठी कंपनी होती. विकणारीही तशीच घरबसली बाई असेल तर जोखीम एका अशक्ताच्या डोक्यावरून दुसऱ्या अशक्ताच्या डोक्यावर जाते. तिला मग टपालाच्या दरात माग घेण्याचे चार पैसे जास्त भरल्यावाचून गत्यंतर नाही. आणि स्वस्त वस्तूच्या बाबतीत ते चार पैसे नफ्याहून जड होतात.

एवढे करूनही त्या क्रमांकाने काय सिद्ध होते? पुडके अमुक टपालकचेरीत अमुक दिवशी आले आणि अमुक वेळी ‘दिले’ असा शेरा पडला, इतके. आत काय होते हे सिद्ध होत नाही. रिकामा डबा मिळाला अशी तक्रार आली तर माग घेऊन उपयोग नाही. तिथे कामास येतो तो पावतीवरचा वजनाचा आकडा, ज्याच्याकडे बहुतेक विक्रेते पाहतही नाहीत. नोंदणीच्या वेळी वजन साडेसातशे ग्रॅम भरले असेल तर डबा रिकामा निघालेला नाही, निदान निघताना तो रिकामा नव्हता. चिंध्यांची व्ही.पी. धाडणाऱ्याच्या पावतीवरही मात्र वजन बरोबरच भरले असते, हे विसरून चालणार नाही.

दुसरी अडचण कोणाला दिले ही. रजिस्टर आणि स्पीड पोस्ट ह्यांत आरंभापासून एक भेद होता. रजिस्टर त्या माणसाच्या, किंवा त्याने अधिकार दिलेल्याच्या, हाती द्यावयाचे. स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर द्यावयाचे. २०२५ साली टपालखात्याने रजिस्टर पोस्टाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन केली तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. पण खात्याने हा भेद पुसला नाही. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टावर पाच रुपये आणि कर भरला की ‘रजिस्ट्रेशन’ जोडता येते, आणि मग वस्तू त्या माणसाच्याच हाती द्यावयाची. आणखी पाच रुपये आणि कर भरला तर घेणाऱ्याच्या मोबाइलवर आकडा येतो, तो त्याने पोस्टमनला सांगितला तरच पुडके सुटते. महाग वस्तू धाडणाऱ्या विक्रेत्याने ह्या दोन्ही फिया भराव्यात असा आमचा सल्ला आहे. पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे, कारण त्या कागदावरची शाई काही महिन्यांत उडून जाते.

सही, अंगठा, साक्षीदार, कार्ड ह्यांच्या जागी आता आकडा आला आहे. गिऱ्हाईक कामावर गेलेले असते, पोस्टमन दाराशी उभा असतो. तो फोन करतो, गिऱ्हाईक तिकडून आकडा सांगते, आणि पुडके शेजारच्या काकूंच्या हाती पडते. खात्याच्या वहीत मात्र ते घेणाऱ्यालाच दिल्याची नोंद होते.